गाडीला रात्रीत काय व्हायचं

ऑटोमॅटिक गाडी ढकलून सुरू होत नसते. हे मला माहीत होतं. परीक्षेत विचारलं असतं तर मी बरोबर उत्तर लिहून वर एक आकृतीही काढली असती. पण जानेवारीतल्या त्या शुक्रवारी सकाळी, दाट धुक्यात, बटण दाबल्यावर गाडीने फक्त टक-टक-टक केलं आणि डॅशबोर्डवरचे दिवे म्हाताऱ्याच्या डोळ्यांसारखे मिणमिणून विझले, तेव्हा माझं सगळं ज्ञान त्या दिव्यांबरोबर गेलं. समोरच्या पार्कमध्ये निवृत्त मंडळी फेऱ्या मारत होती. मी त्यांना हाक मारली, "जी, ज़रा धक्का!"

चंदीगडात अशी हाक वाया जात नाही. चौघे जण धावत आले. शाली कमरेला खोचल्या, "लगाओ ज़ोर" म्हणाले, लाल झाले, त्यातल्या एकाच्या गुडघ्यातून आवाज आला. गाडी तसूभर हलली नाही. शेवटी एकाने खिडकीतून आत डोकावून पाहिलं.

"ओ भाई साहब, इसमें तो क्लच ही नहीं है! ऑटोमैटिक है ये. और आपने तो पार्किंग में लगा रखी है!"

चौघेही मोठ्याने हसले. मीही हसलो, दुसरा काही पर्याय नव्हता. मागच्या सीटवर कानटोपी, दोन शाली आणि लोकरीचे मोजे यांच्या आत माझ्या सासूबाई बसल्या होत्या. त्यांच्या शेजारी माझी बायको. सासूबाई हसत होत्या. बायको माझ्याकडे बघतसुद्धा नव्हती. आमच्या घरात हे रागावण्याच्या पुढचं लक्षण आहे.

त्यांना बत्तीस सेक्टरच्या सरकारी हॉस्पिटलात न्यायचं होतं. सासूबाईंच्या छातीत गाठ निघाली होती. ऑपरेशन झालं, औषधाच्या सलाइनी झाल्या आणि आता रोज सकाळी यंत्राखाली किरणांचा शेक घ्यायचा होता. मालवणजवळच्या गावात राहून हे होण्यासारखं नव्हतं, म्हणून मुलीकडे आल्या होत्या. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी आम्हाला दोन गोष्टी बजावल्या होत्या. एक, शनिवार-रविवार सोडून एकही दिवस चुकवायचा नाही. दोन, वजन उतरू द्यायचं नाही. उतरलं तर शेक मधेच थांबवावा लागेल. म्हणजे आमचं काम सोपं होतं: रोज पोचवायचं आणि रोज खाऊ घालायचं. दोन्ही कामांची मी कशी वाट लावली, ते सांगतो.

आधी खाण्याचं. त्या औषधांनी सासूबाईंच्या तोंडाची चव गेली होती. पनीर पुढे केलं की म्हणायच्या, "ह्यो खडू खयसून आणलास?" डाळ म्हणजे गरम पाणी. मऊ भात म्हणजे कापूस. एक दिवस ताट सरकवून त्यांनी निकाल दिला, "सुके बोंबील असतीत तर भाजा. नायतर ह्या ताट उचला."

बायकोच्या भावाने गावाहून बोंबील पाठवले. चांगल्या दोन मोठ्या पिशव्या. ते भाजून, कुटून, वर लसूण-मिरची घालून चटणी केली आणि सासूबाईंनी कित्येक दिवसांनी दुसऱ्यांदा भात मागितला. बायको स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसून आली. मीही डोळे पुसले. पण माझ्या डोळ्यांचं कारण वेगळं होतं.

माझं नाक देशावरचं. सोलापूरकडचं माझं घर, आमच्याकडे अंडंसुद्धा परसात चुलीवर उकडायचे. लग्नाला पंचवीस वर्षं होत आली, ओले मासे मी शिकलो, सुरमईवर तर हक्क सांगतो. पण सुके बोंबील! तो वास नाकात शिरत नाही, तो डोक्यात बिऱ्हाड करतो. पडद्यांना, उशांना, माझ्या ऑफिसच्या स्वेटरला. एके दिवशी लिफ्टमध्ये माझ्याभोवती आपोआप मोकळी जागा झाली.

खालच्या मजल्यावर घरमालक राहतात. मोठ्या मनाचा माणूस. रविवारी गच्चीवर कोंबडी भाजतो आणि आम्हाला वर पाठवतो. पण तिसऱ्या दिवशी तेही नाकाला रुमाल लावून आमच्या दारात उभे राहिले.

"भाई साहब, बुरा मत मानना. आपके यहाँ कोई चूहा मर गया है."

"नहीं जी, वो मछली है. सूखी मछली."

त्यांनी माझ्याकडे फार करुणेने पाहिलं. "मछली? नहीं नहीं. चूहा है. पक्का चूहा है. आप ढूँढो."

ते गेल्यावर मी बायकोला म्हटलं, "लोकांना त्रास होतोय. भाड्याचं घर आहे." खरं म्हणजे त्रास कुणाला होत होता ते तिला कळत होतंच. शेवटी तह झाला: चार दिवसांपुरते बोंबील स्टीलच्या डब्यात घरात, बाकीचे गाडीच्या डिकीत. "हवाबंद डबा आणा आणि मग ठेवा," असं तिने सांगितलं. मी म्हटलं, "हो हो." आणि दोन्ही पिशव्यांना गाठ मारून, स्टेपनीच्या खड्ड्यात कोंबून, वर गालिचा टाकून मोकळा झालो. डबा उद्या आणू. घर पुन्हा घरासारखं वाटायला लागलं. मला स्वतःच्या हुशारीचं कौतुक वाटलं, आणि मला असं वाटतं तेव्हा घरातल्या इतरांनी सावध व्हायला हवं.

त्यानंतर गाडी मरायला लागली.

पहिल्यांदा मेली तेव्हा मार्केटमधल्या बॅटरीवाल्याला बोलावलं. त्याने बॉनेट उघडलं, बॅटरीकडे एक नजर टाकली आणि तोंडातली सुपारी न थुंकता म्हणाला, "बैटरी गई जी." मी विचारलं, तपासलीत का? "तजुर्बा है जी." त्या तजुर्ब्याने आम्हाला कोरी बॅटरी बसवून मिळाली. कोरी बॅटरी काही दिवस राबली आणि एका सकाळी तीही तशीच निपचित. मी त्याला फोन केला तर म्हणतो, "बैटरी तो नई है जी, अब गाड़ी में कुछ है." इतका शहाणा निष्कर्ष त्याला बॅटरी विकल्यानंतरच सुचावा, याचा मला जो उबग आला तो अजून ओसरलेला नाही.

मग वर्कशॉप. तिथल्या इलेक्ट्रिशियनने अर्धा दिवस गाडी ठेवून घेतली, म्युझिक सिस्टीम काढली, पुन्हा लावली, आणि माझ्या हातात वायरींचं एक भेंडोळं ठेवून म्हणाला, "ये फालतू था." फालतू होतं ते म्हणजे मागे बघण्याचा कॅमेरा. त्या दिवसापासून मी रिव्हर्स घेताना मान मोडून मागे बघतो. गाडी मात्र आपल्या वेळेला मरतच राहिली. सकाळी केबल लावून शेजाऱ्याच्या गाडीवरून उठवायची, हॉस्पिटलात जायचं, यायचं. दोन सकाळी बरी, तिसऱ्या सकाळी पुन्हा टक-टक-टक. शेजारी केबल बघितली की दार लावून घ्यायला लागला.

आणि मग तो धक्क्याचा शुक्रवार. धुक्यात एकेक कॅबवाला "आ रहा हूँ" म्हणायचा आणि रद्द करायचा. शेवटी एक मिळाला. तोवर आमची वेळ टळून गेली होती, आणि दुपारी यंत्राची देखभाल ठरलेली. शेक देणारा माणूस हळहळला. "आज का रह गया, जी. मंडे को पक्का आना. अब गैप नहीं होना चाहिए."

परतताना सासूबाईंनीच आमची समजूत घातली. "एक दिस नाय गेलय म्हणान काय जग बुडणा नाय."

घरी आल्यावर बायको मला बाजूला घेऊन म्हणाली, "सोमवारी गाडी सुरू झाली पाहिजे. कोण करतं, कसं करतं, मला माहीत नाही. आणि आता कुणा तजुर्बेवाल्याला बोलावलंत तर मी आईला घेऊन हॉस्पिटलाच्या व्हरांड्यात राहायला जाईन."

मी एका प्रयोगशाळेच्या खरेदी विभागात आहे. विजेचे मीटर मी आजवर शेकड्यांनी खरेदी केले असतील, हातात एकही धरला नव्हता. शनिवारी सकाळी एका शास्त्रज्ञ मित्राकडून एक उसना आणला, फोनवर एका केरळी गृहस्थाचा व्हिडिओ लावला आणि पोर्चमध्ये गाडीपुढे उकिडवा बसलो.

कल्पना साधी आहे. गाडी बंद असताना बॅटरीतून जवळजवळ काहीच वीज वाहता कामा नये. वाहत असेल, तर कुणीतरी रात्रभर चोरून पितंय. बॅटरीची काळी वायर सोडवायची, त्या तुटलेल्या रस्त्यात मीटर जोडायचा, म्हणजे पिणाऱ्याला मीटरमधूनच प्यावं लागतं. किल्ली लांब घरात ठेवायची, दारं बंद करायची आणि गाडीचा मेंदू झोपायची वाट बघायची. फ्यूज बघण्यासाठी दार उघडं ठेवावं लागतं, म्हणून त्याच्या कुलपाची जीभ स्क्रूड्रायव्हरने दाबून बसवायची. गाडीला वाटतं दार लागलं. इतक्या सहज फसणाऱ्या यंत्राने मला दोन आठवडे फसवलं होतं.

मी वाट पाहिली. गाडी झोपेना. मीटरवरचा आकडा जागच्या जागी. थंडीने माझी बोटं मेली, नाकातून पाणी, गुडघ्यांना पोर्चच्या फरशीची कळ. पार्कातल्या चौघांपैकी एक जण कुंपणावरून विचारून गेला, "आज धक्का नहीं?"

मग एकेक फ्यूज उपटायला लागलो. फ्यूज उपटायचा, आकडा बघायचा, फ्यूज परत लावायचा. हॉर्न नाही. काचा नाहीत. म्युझिक नाही, त्या बिचाऱ्याला उगाच सोलून काढलं होतं. आणि मग एक इवलासा फ्यूज काढल्यावर आकडा दाणकन खाली आला. मी ओरडलोच. वरच्या खिडकीतून बायकोने डोकं बाहेर काढलं.

"चिमटलं का काही?"

"सापडलं!"

"काय सापडलं?"

"फ्यूज सापडला. म्हणजे चोर कुठल्या गल्लीत राहतो ते कळलं. घर अजून शोधायचंय."

त्या गल्लीत राहत होते गाडीच्या आतले दिवे. छताचा दिवा विझलेला. ग्लोव्ह बॉक्सचा, फटीतून पाहिलं तर विझलेला. राहिला डिकीचा. आता इथे मला एक कबूल करणं भाग आहे. गेले कित्येक दिवस डॅशबोर्डवर एक छोटंसं चित्र पेटत होतं: मागचं झाकण उघडं असलेली गाडी. मी त्याचा अर्थ बरोबर लावला होता, की डिकी नीट लागली नाही. म्हणून रोज उतरून झाकण आणखी जोरात आपटायचो. चित्र तरीही पेटायचं. मग मी चित्रावर चिडायचो. गाडी रोज मला पत्ता सांगत होती आणि मी रोज तिच्या थोबाडीत मारत होतो.

"पण झाकण लावल्यावर आतला दिवा विझतो की नाही, हे कळायचं कसं?" मी म्हटलं. "मी आत झोपतो, तू झाकण लाव."

बायको खाली आली होती. तिने माझ्याकडे आणि डिकीकडे आळीपाळीने पाहिलं. "तुम्ही त्यात मावणार नाही. आणि मावलात तर मी उघडेन याची काय खात्री? फोन ठेवा आत. व्हिडिओ लावून."

हे मला सुचायला हवं होतं. फोन उभा केला, व्हिडिओ सुरू केला, झाकण लावलं. डिकी उघडताना तो वास भप्पकन आला होता, मी श्वास धरूनच सगळं केलं. काही मिनिटांनी फोन काढला, झाकण पुन्हा लावलं आणि पोर्चच्या पायरीवर आम्ही दोघं सिनेमाला बसल्यासारखे बसलो.

पडद्यावर आधी माझ्या नाकपुड्या आल्या. मग झाकण खाली आलं. आता अंधार व्हायला हवा होता. झाला नाही. पिवळा दिवा जसाच्या तसा.

"बघ! बघ! सापडला!" मी मांडीवर थाप मारली. "हा जळतोय म्हणून गाडीला वाटतंय डिकी उघडी आहे, म्हणून तिचा मेंदूही जागा. दोघं मिळून रात्रभर पितात. वर आपली फेरी इथून बत्तीसपर्यंतची, तेवढ्यात बॅटरी काय भरणार—"

"थांबा," बायको म्हणाली.

गालिच्याचा कोपरा हलला. तो वर उचलला गेला आणि खालून एक उंदीर आला. लहानसहान नव्हे, खाऊनपिऊन सुखी, पोटाला घडी पडलेला. तो दिव्याखाली येऊन बसला, दोन्ही हातांत एक बोंबील धरला आणि आपण कणीस खातो तसा एका टोकापासून शिस्तीत खायला लागला. मधे थांबून त्याने मिशा पुसल्या. मग गालिच्यावर लेंड्या टाकल्या आणि पुन्हा जेवायला लागला. माझ्या बॅटरीच्या उजेडात.

मी म्हटलं, "शी! शी, शी, शी!" याहून प्रगल्भ काही सुचलं नाही.

बायको ओरडली नाही. तिचा चेहरा पांढरा पडला. "कुठल्या पिशवीतला आहे तो?"

मला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि मघाची किळस ही नुसती पूर्वतयारी होती असं वाटलं. घरातला डबा संपला की ती त्याच पिशव्यांतून भरत होती. ज्या बाईच्या अंगात साधी सर्दी झेलायची ताकद उरलेली नाही, तिला आम्ही प्रेमाने, आग्रह करकरून, ते खायला घालत होतो.

डिकी उघडली. गालिचा उचलला. स्टेपनीच्या खड्ड्यात त्याने घर केलं होतं: सीटच्या गादीचा भुसा, कुरतडलेली लोकर, बोंबलांची डोकी आणि सगळ्यावर लेंड्यांचा सडा. वासाचं मी वर्णन करणार नाही. माझ्या भाषेत तेवढी ताकद असेल, पण वाचणारा जेवलेला असेल. मी काठीने ढोसलं. उंदीर उसळला, माझ्या बुटावरून, आणि नेमकं त्याच वेळी काय आरडाओरडा आहे ते बघायला आलेल्या घरमालकांच्या चपलेवरून, मेंदीच्या कुंपणात गेला.

घरमालक एका पायावर उभे राहिले. मग त्यांच्या चेहऱ्यावर असा काही आनंद पसरला की मला त्यांचा हेवा वाटला.

"मैं कहता था ना! चूहा है! पक्का चूहा है!" आणि थोडं थांबून, न्यायबुद्धीने, "बस, मरा नहीं था."

बायकोने दोन्ही पिशव्या फरशीवर ठेवल्या. खालची पार फाडलेली. वरची, जिच्यातून ती घेत होती, तिची गाठ शाबूत होती. तिने ती उजेडासमोर धरली, उलटसुलट केली, बोटांनी इंच न् इंच दाबून पाहिली. भोक नव्हतं.

"म्हणजे आईंना काही नाही," मी म्हटलं.

"हवाबंद डबा आणणार होतात ना तुम्ही?"

मी मेंदीच्या कुंपणाकडे बघत राहिलो. तिने दोन्ही पिशव्या कचऱ्यात टाकल्या.

शनिवारची संध्याकाळ आणि अख्खा रविवार मी डिकी धुतली. तोंडाला रुमाल, हातात भांडी घासायचे मोजे, डोळ्यांत पाणी. फिनेल ओतलं. मग साबण. मग कडुलिंबाचा पाला. मग डांबरगोळ्या. यामुळे बोंबलाचा वास गेला नाही. बोंबलाला फक्त सोबत मिळाली. सगळं उपसल्यावर बिघाडाचं मूळ सापडलं. झाकणाच्या कुलपातून आलेल्या दोन वायरींचं वरचं आवरण उंदराने सोलून खाल्लं होतं आणि उघड्या तारा एकमेकींना चिकटल्या होत्या. झाकण लागो न लागो, गाडीला निरोप एकच जायचा: उघडं आहे. मी तारा वेगळ्या केल्या, प्रत्येकीला टेप गुंडाळला, वरून प्लॅस्टिकची नळी चढवली. डिकीचा बल्बही काढून टाकला. आयुष्यात पुन्हा त्या डिकीत मला काही बघायचं नव्हतं. मीटर लावला, वाट पाहिली. आकडा घसरत घसरत जवळजवळ शून्यावर आला. गाडी झोपली. मी मात्र घरात आलो तेव्हा बायकोने दारातच सांगितलं, "तिकडूनच बाथरूममध्ये जा. काही हात लावू नका."

पण ताटाचं काय? सासूबाईंना आम्ही उंदराचं सांगितलं नाही. बोंबील संपले एवढंच सांगितलं. रविवारी रात्री त्यांनी दोन घास वरणभात चिवडला आणि ताट सरकवलं. "असांदे. भूकच नाय." उद्या शेकाआधी वजन करणार होते. बायको त्या ताटाकडे बघत होती, मी बायकोकडे बघणं टाळत होतो.

सोमवारी सकाळी मी बटण दाबलं. गाडी पहिल्या फटक्याला सुरू झाली. पार्कातल्या मंडळींनी धुक्यातून टाळ्या वाजवल्या.

शेक झाला. वजन थोडं उतरलेलं निघालं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आज चालेल, पण आता याच्या खाली नको. बायकोने त्यांना उंदराचं सगळं स्पष्ट सांगितलं. त्यांनी ताप आला का, पोट बिघडलं का, विचारलं, रक्त तपासायला घेतलं. ते पुढे चांगलं निघालं. मला मात्र त्यांनी एकच प्रश्न विचारला, "गाड़ी में क्यों रखा?" बाहेर रांग मोठी आहे असं म्हणत मी सासूबाईंच्या शाली उचलल्या.

परत निघालो. हीटर लावला आणि डिकीतला सगळा संसार पुढे आला: बोंबील, फिनेल, डांबरगोळ्या. मी चारही काचा खाली केल्या. बर्फासारखा वारा आत घुसला.

"काचो वर करा ओ," मागून सासूबाई म्हणाल्या. "माका थंडी लागता."

"आई, वास येतोय फार. सहन नाही होत."

सासूबाईंनी कानटोपी वर सारून लांब श्वास घेतला. आणखी एक घेतला. आरशात मला त्यांचा चेहरा दिसला. आमच्या घरी आल्यापासून इतका लबाड चेहरा मी पाहिला नव्हता.

"संपले म्हणतास आणि गाडयेत वास येता! लपवन ठेवलंस काय गे चेडवा?" मग हळूच, स्वतःशीच बोलल्यासारखं, "माका आता भूक लागाक लागली."

बायकोने आईचा हात हातात घेतला. मग ती पुढे वाकून माझ्या कानाशी म्हणाली,

"अहो, काचा वर घ्या. आणि जरा लांबून घ्या गाडी."